फळा नसलेली खोली

मुलांनो, तुमच्यासाठी इंग्रजीचे धडे रेकॉर्ड करायला मी आजोबांच्या शिकवणीच्या खोलीत स्टुडिओ करून घेतला. कारागिराचं नाव विचारायचं राहूनच गेलं. भिंतींवर जुन्या गोधड्या टांगून तो टाळी वाजवायचा आणि मान कलती करून ऐकायचा. शेवटी मला बाहेर काढून त्याने रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड केली. नको ते आवाज त्यावरून काढता येतात म्हणे.

हेडफोन लावून तो म्हणाला, "काकी, हय कोणतरी फळ्यार खडू आपटता. दोनदाच. पुसून टाकू काय?"

आजोबा गेल्यावर फळा मी शाळेला देऊन टाकला होता. वर्ग गप्प करायला ते तसाच खडू आपटायचे.

"राहू दे रे," मी म्हटलं.

धड्याआधी टकटक ऐकू आली, तर गप्प बसा.