श्रीकृष्णकाकांचा परदेशी फोन

वणीच्या टेलिफोन ऑफिसात बिलाच्या खिडकीवर मी बावीस वर्षं बसली. लोकं बिल पाहून माझ्यावरच ओरडत, जसं काही मीच त्यांच्या घरी जाऊन फोन लावून आली! श्रीकृष्णकाका मात्र ओरडले नाही. दोन हजार चारच्या दिवाळीनंतर त्यांनी बिल खिडकीतून आत सरकवलं न् हळूच विचारलं, "रजनी, हे माझंच आहे ना?"

अठरा हजार सहाशे चाळीस! नेहमी दोनशेच्या आत येणारं बिल. बाप्पा, माझेच डोळे पांढरे झाले. रोज संध्याकाळी तासभर परदेशात फोन. मी तक्रार लिहून घेतली, पण पंधरा दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर फोन कटणार होता. तसंही त्या वर्षी कापसाले भाव नव्हता, लोकं आपल्या हातानं फोन परत करून राह्यले होते. काकांचा गेला तर कोणाले काय पडली होती?

काका सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. कापूस बोटांत ओढून त्याची प्रत सांगायचे. रिटायर झाले, मग काकू गेल्या. एकुलता एक मंदार ऑस्ट्रेलियात. आईच्या तेरवीलेही आला नाही, तेव्हा काका रागाच्या भरात बोलून गेले, "आता मले फोन करू नको." एरवी बापाचं एक ऐकलं नाही पोट्ट्यानं, हे बरं ऐकलं! दोन वर्षं फोन नाही. मधात मंदारनं तिकडे घर बदललं, नवा नंबरही कळवला नाही. त्याचा जुना कॉम्प्युटर घरी होता. काका रोज फोनची वायर त्याले जोडून ई-मेल आला का पाहत.

आमच्या लखीराम लाइनमननं बिलाची बातमी गावभर केली. काका रोज पोराशी तासभर बोलते म्हणे! बाजारात लोकं थांबवून विचारू लागले, "काय म्हणते मंदार?" काका म्हणत, "मजेत आहे."

मले राहवेना. बिलावरचा नंबर ऑस्ट्रेलियाचा नव्हताच. मी घरी जाऊन भांडलीच, "काका, खोटं काहून बोलता?"

"लोकं विचारते गं," ते म्हणाले. "बरं वाटते."

तक्रार तपासाले यवतमाळहून आलेल्या साहेबानं कॉम्प्युटर उघडून पाहिला. आत एक चोरटा प्रोग्राम शिरला होता. तो इंटरनेटचा गावातला नंबर सोडून परस्पर कोण्या बेटावरचा महागडा नंबर लावत होता. काकांनीच त्याले आत घेतलं होतं. पडद्यावर चौकट आली होती, तुमच्यासाठी निरोप आहे, पाहायचा का? काकांनी 'यस' दाबलं.

"मले वाटलं, मंदारचा असंल," ते साहेबाले म्हणाले. साहेब बिचारा खाली पाहू लागला.

बिल रद्द होणार होतं, फक्त अर्ज पाहिजे होता. मी मजकूर सांगितला, काका लिहू लागले. "या काळात माझ्या घरून परदेशात कोणाशीही बोलणं झालेलं नाही," इथं त्यांचा पेन थांबला.

"हे वाक्य लिहाच लागते?"

"लागते."

"लखीराम वाचीन?"

"सारेच वाचतीन, काका! वाचू द्या ना!" मी चिडली. "एवढे पैसे आहेत तुमच्यापाशी? नाही ना? मग फोन कटंल!"

कटंल म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं न् गुमान वाक्य लिहून टाकलं. मग मी सांगितलं नव्हतं तरी खाली अजून काही लिहिलं, सही केली, न् घाम पुसत निघून गेले.

मी अर्ज उचलून वाचला. ऑफिसात बावीस वर्षांत रडली नव्हती, त्या दिवशी खिडकी बंद करून रडली. सहीच्या वर काकांनी लिहिलं होतं, "फोन मात्र बंद करू नये. माझ्या मुलाजवळ हाच एक नंबर आहे."