राहिलेलं आधी सांगा

एका माणसाच्या वाट्याची बोलायची वेळ मी एकदा सबंध गिळून टाकली. ढेकरसुद्धा दिला नाही. तेव्हा मी तरुण होते, अठ्ठावन्न वर्षांची. कुठल्याही विषयावर माझ्याआधी दुसरं कोणी बोललं तर तो विषय वाया गेला, असं मला मनापासून वाटायचं. आता नात मला बोटानं थांबायची खूण करते आणि मी थांबते. म्हणजे थांबल्यासारखं करते.

ज्याची वेळ गिळली त्याची ही गोष्ट. त्याच्या पद्धतीनं सांगायची तर तुम्हा सगळ्यांना आधी उभं करायला हवं. समोर कोणी बसून बोललेलं त्याला खपत नसे.

पेणला माझा पोह्याच्या पापडांचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, त्यात लाटणाऱ्या बाया आणि त्यांच्या डोक्यावर मी. लग्न लवकर झालं, कॉलेज राहून गेलं. मुलं मार्गी लागल्यावर मी रोह्याच्या रविवारच्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं. धंदा एवढी वर्षं केलेला, त्यामुळे व्यवस्थापनाच्या पुस्तकात मला शिकवण्यासारखं काही असेल असं वाटत नव्हतं. पुस्तकालाच काही हवं असेल तर मी देणार होते.

शेवटच्या वर्षी गटाचा प्रोजेक्ट आला. सरांनी चौघांचा गट पाडला. एक मी. दुसरी स्वप्नाली, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या कापडदुकानात साड्या दाखवणारी. तिसरा निडी गावचा ओंकार, जो हजेरीलासुद्धा मान डोलावून उत्तर द्यायचा. आणि चौथा हा. डोलवीच्या पोलाद कंपनीत एका ठेकेदाराच्या हाताखाली सुपरवायझर. वय चाळिशीच्या आतबाहेर. रविवारी रात्रपाळी संपवून मोटारसायकलवरून थेट वर्गात यायचा. डोळे लाल, केसांवर हेल्मेटचा गोल शिक्का आणि शर्टाच्या खिशात शिट्टी. असे शिट्टीवाले तुम्हीही पाहिले असतील. बाजारात मुलगी मागे राहिली तरी हाक मारायच्या आधी ज्यांचा हात खिशाकडे जातो.

पहिल्या बैठकीला मी तळलेल्या पापडांचा डबा घेऊन गेले, बाकावर ऐसपैस बसले आणि जाहीर केलं, "गटाची लीडर मी. माणसं कशी हाताळायची ते मला ठाऊक आहे."

"व्हा की मावशी," तो म्हणाला. "फक्त आधी उभ्या राहा."

"ते कशाला?"

"बसलं की मिटिंग लांबते. शिफ्ट बदलताना आम्ही उभ्यानंच बोलतो."

झालं. तेव्हापासून आमच्या मिटिंगा जिन्याखाली, उभ्यानं. सुरुवातीला तो प्रत्येकाला एकच विचारायचा, "जेवलात? झोपलात?"

मी म्हटलं, "प्रोजेक्ट करताय की माहेरपण?"

"उपाशी माणसाचा हात मशीनमध्ये जातो, मावशी."

"इथं कुठाय मशीन?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही हायत ना."

स्वप्नाली एवढी हसली की तिच्या हातातला पापड मोडला. लीडरकी कधी माझ्या हातून सुटली आणि त्याच्याकडे गेली ते मला कळलंच नाही. त्यानं ती मागितलीही नव्हती.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. आम्ही काय काय केलं ते कौतुकानं सांगायला लागलो की तो पंजा वर करायचा. "झालेलं दिसतं. राहिलेलं आधी सांगा." जाणाऱ्या पाळीचा माणूस येणाऱ्याला कुठला नट ढिला आहे, कुठला पाइप गरम आहे ते सांगून जातो, अशी त्यांच्याकडची रीत. "झालेलं नाय सांगितलं तर कोणी मरत नाय," तो म्हणायचा. "राहिलेलं नाय सांगितलं तर मरतो."

आमचा विषय ठरला माझाच पापडाचा धंदा. कामं त्यानं वाटली. बायांच्या मुलाखती स्वप्नालीकडे, खर्च आणि विक्री ओंकारकडे, धंद्याचा इतिहास माझ्याकडे. आता तुम्हीच सांगा, ज्या घरचा पापड त्या घरची बाई दुसऱ्याच्या लिखाणात बोट घालणार नाही का? मी स्वप्नालीची वाक्यं खोडायचे, ओंकारचे तक्ते परत काढायचे आणि वर "मलाच सगळं करावं लागतं" म्हणून उसासे टाकायचे.

पुढच्या रविवारी त्यानं लाल पुठ्ठ्याची पाटी आणली आणि दोऱ्यानं स्वप्नालीच्या फायलीला बांधली. पाटीवर लिहिलं होतं, 'काम चालू आहे. हात लावू नये.'

"मशीन दुरुस्त करणारा माणूस ते कोणी मध्येच चालू करू नये म्हणून त्याच्यावर आपलं कुलूप लावतो," त्यानं सांगितलं. "ते त्यानंच काढायचं. मोठा साहेब आला तरी दुसऱ्यानं नाय काढायचं. ही पाटी म्हणजे स्वप्नालीचं कुलूप."

मी फाइल उघडलीच. चार ओळी सुधारल्या आणि दोरा जसाच्या तसा परत बांधला. रविवारी त्यानं फाइल हातात घेतली, गाठ अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाला, "ही गाठ पापडाच्या पुडीची हाय."

मी छताकडे बघितलं. छतावर काही नव्हतं.

मी मनाशी म्हणायचे, या माणसाला प्रोजेक्टचं एवढं काय पडलंय? एकदा चहाच्या टपरीवर, अर्थातच उभ्यानं, ते कळलं. पदवीचं शिक्षण त्यानं याआधी दोनदा धरून दोनदा सोडलं होतं. आता ठेकेदाराकडून निघून कंपनीच्या स्टाफमध्ये जायची संधी होती, पण तिथं पदवीधर लागत होता.

"यंदा निकाल लागला तर लागला," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी वयात बसत नाय. पोरगी नववीला हाय. म्हणते, पप्पा, तुमच्या निकालपत्रावर सही मी करणार."

मी त्याला म्हटलं, "काळजी करू नका. मी आहे ना." हे वाक्य मी त्या काळात फार वापरायचे. ऐकणाऱ्याची काळजी त्यानं वाढायचीच.

सादरीकरणाचा दिवस आला. सरांचा नियम साधा होता. गटातल्या प्रत्येकानं आपापल्या वेळेत बोलायचं. जो बोलणार नाही त्याला मार्क नाहीत. आमचा क्रम त्यानंच लावला होता. ओंकार पहिला, कारण "भीती वाटते त्यानं पहिलं बोलावं, वाट बघून भीती वाढते." मग स्वप्नाली, मग मी, शेवटी तो. शिट्टीही त्यानं ओंकारच्या हातात दिली. वेळ संपली की हळूच वाजवायची.

ओंकार बोलला! त्याचा आवाज घोगरा आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. स्वप्नाली छान बोलली. मग मी उठले.

सासूबाईंनी पहिली लाटी कशी तोडली तिथून मी सुरुवात केली. पोहे, हिंग, पापडखार, ऊन, वारा, सासूबाईंचा स्वभाव, काहीच सोडलं नाही. मध्येच पाहिलं तर ओंकारनं शिट्टी तोंडात धरलेली, गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. फुंकायचा धीर काही होईना. आणि तो? फळ्याशेजारी भिंतीला टेकून, हात मागे, मान खाली, कीर्तनाला बसल्यासारखा. मला वाटलं, ऐकणारा असावा तर असा. मी आणखी खुलले. सासूबाईंच्या आजारपणाशी आले तेव्हा सरांनी टेबलावर डस्टर आपटलं.

"वेळ संपली. यांचं बोलणं?" सरांनी त्याच्याकडे बोट केलं.

 स्वप्नालीनं माझ्या दंडाला चिमटा काढला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याची वेळ माझ्या पोटात गेली होती. त्याची नोकरी, त्याचं वय, पोरीची सही, सगळं सासूबाईंच्या पापडखाराखाली. आयुष्यात पहिल्यांदा मला तोंड उघडता येईना.

"सर, चूक माझी आहे," मी कशीबशी म्हणाले.

"आजी, तुम्ही बसा," सर म्हणाले. मग जरा मोठ्यानं त्याला हाक मारली, "काय हो! एक प्रश्न विचारतो, त्यावर बघू. सांगा, काय आहे तुमच्या या कामात?"

तो दचकून ताठ झाला. सरांकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात सुरू झाला.

"राहिलंय ते सांगतो. लाटणाऱ्या बायांना कोणी विचारलेलंच नाय. स्वप्नाली गेली होती, पण सगळी उत्तरं मालकिणीनं दिली. बाया नुसत्या माना हलवत होत्या. म्हणजे कागदावर बायांचं म्हणून जे हाय ते सगळं मालकिणीचं. तेवढं धोक्याचं हाय. पुढच्यांनी बघून हात लावा."

वर्ग खदखदून हसला. माझं तोंड मिरीच्या पापडासारखं झालं. कारण ते खरं होतं, शब्दन् शब्द. स्वप्नालीनं आमच्या शेवंताला विचारलं होतं, "मावशी, पाठ दुखते का हो?" आणि शेवंतानं श्वास घ्यायच्या आत मी म्हटलं होतं, "हिची? दगडाची आहे पाठ!"

सरांनी पेन खाली ठेवलं. "आपल्या प्रोजेक्टमध्ये काय नाही ते सांगणारा विद्यार्थी मी पहिल्यांदा पाहतोय. पुढच्या रविवारी बायांचं खरं बोलणं घेऊन या. तुम्ही एकट्यानं मांडायचं. त्यावर तुमचे मार्क."

म्हणजे त्याचं सगळं आता माझ्या शेडमधल्या बायांच्या तोंडी होतं आणि त्या बोलणार तर मी तिथं नको होते. तो आणि स्वप्नाली पेणला आले त्या दुपारी मला माझ्याच शेडमधून हद्दपार केलं गेलं. मी शेजारणीच्या ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसले, कान शेडकडे लावून. आधी काही ऐकू येईना. मग खुसखुस. मग हशा. मग इतका मोठा हशा की लाटणी थांबल्याचं कळत होतं. आपण नसताना आपली माणसं हसतात तेव्हा छातीत जे होतं त्याला औषध नाही. मी अर्धे वाल सालांत टाकले आणि सालं पातेल्यात.

"इतकं काय गो बोलत्यात?" शेजारीण म्हणाली.

"माझं कौतुक," मी म्हटलं.

रविवारी त्यानं ते वर्गात मांडलं. जमिनीवर बसून गुडघे जातात, उंच टेबल हवं. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत तेव्हा हाताला दुसरं काम हवं. आणि सगळ्याजणींची मिळून एक तक्रार: "बाई शेडमध्ये असल्या की बोलतच राहतात, आमचं गाणं मोडतं." वर्ग पुन्हा हसला. सगळ्यात शेवटी मी हसले, पण हसले. टेबलं त्याच उन्हाळ्यात करून घेतली. गाण्याच्या वेळी बाहेर थांबायला शिकायला जरा जास्त उन्हाळे लागले.

तो पास झाला. आम्ही सगळेच झालो. तो स्टाफमध्ये गेला, दूर बदली झाली आणि रोह्याच्या जिन्याखाली पुन्हा कोणी उभ्यानं मिटिंग घेतल्याचं मी ऐकलं नाही. मी मात्र त्याची कथा गावभर सांगितली. महिला मंडळात, लग्नाच्या पंगतीत, जिथं माणूस सापडेल तिथं. नात कॉलेजच्या प्रोजेक्टवरून मैत्रिणींशी भांडून आली की तिला बसवून सांगायचे, "लीडर असा असावा. स्वतःची वेळ दुसऱ्यानं घेतली तरी शांत उभा राहिला. आणि वेळ आली तेव्हा, स्वतःचं सगळं पणाला लागलेलं असताना, भर वर्गात मालकिणीच्या तोंडावर खरं बोलला." सांगता सांगता मी त्याला जवळजवळ देवच करून ठेवला होता.

परवा तो पेणला माझ्या दुकानात आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, सोबत मुलगी. तिला नोकरी लागली होती म्हणून पापड न्यायला आला होता. मी खुर्ची दिली. तो बसला नाही. मुलगी पुड्या निवडत होती तेवढ्यात मी इतक्या वर्षांचं मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, "तुमची वेळ मी खाल्ली, तुम्ही अडवलं नाहीत. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही."

त्यानं कान खाजवला, मुलीकडे एकदा बघितलं, काउंटरवर वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला,

"मावशी, तुम्हाला म्हणून सांगतो, हिला कळू देऊ नका. त्या दिवशी मी सलग दोन शिफ्ट मारून आलो होतो. तुम्ही सुरू केलंत आणि मला भिंतीला टेकून जी झोप लागली, ती सरांनी हाक मारली तेव्हा मोडली. मला वाटलं पुढची शिफ्ट आली, म्हणून राहिलेलं सगळं सांगून टाकलं. जागा असतो तर तुमच्यादेखत तसं बोलायची माझी काय छाती होती?"