परबकाकांची ‘काहीच न घडणारी’ फिल्म

मंडळी, दुपारपासून सुन्न झालेय, म्हणून इथे लिहितेय.

आज परळच्या आमच्या ॲनिमेशन क्लासमध्ये परबकाकांना बोलावलं होतं. वय नव्वदीच्या आसपास. लालबागच्या चाळीतल्या खोलीत बसून, कुणाच्याही मदतीशिवाय, आयुष्यभर हाताने चित्रं काढून छोट्या छोट्या फिल्म केल्या त्यांनी. नाचणारी वांगी काय, भांडखोर कावळे काय, पोरं खदाखदा हसत होती.

मग त्यांची पहिली फिल्म लावली, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या वेळची. एक तरुण फोर्टातून चालत लालबागला येतो, चाळीचा जिना चढतो, घराचं दार ढकलतो. संपली.

पोरांनी मोबाइल काढले. मीही विचारलं, "काका, यात काहीच घडत नाही. मग का केलीत?"

"तो माझा मित्र, वसंत," काका म्हणाले. "मोर्चात आम्ही एकत्र होतो. गोळीबार झाला आणि तो तिथेच गेला. मी एकटाच परत आलो. मग चित्रांतून त्याला घरी आणला."

पोरांनी मोबाइल खिशात ठेवले.

मी विचारलं, "त्याच्या आईला दाखवलीत?"

"दाखवली ना. चाळीतच चादर बांधून. तो दारात पोचला तशी म्हातारी उठली आणि चादरीजवळ जाऊन म्हणाली, 'इलंस रे? हात-पाय धू, जेवाक वाढतंय.'"

पुढचा प्रश्न न विचारता मी ती फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली. तुम्ही काय विचारलं असतं?