पाठीवर पडून विणलेला पट्टा

मला मणक्याचा क्षय झाला तेव्हा लग्नाला दोन वर्षंही पुरती झाली नव्हती. सासर तापीकाठचं, सारंगखेड्याच्या अलीकडचं एक गाव. कापूस, केळी, थोडा ऊस, आणि दावणीला सासऱ्यांची एक पांढरी घोडी. पहिल्या वर्षी कापूस वेचताना पाठीत कळ यायची. सगळ्याच बायकांची पाठ दुखते म्हणून मी कोणाला बोलले नाही. दुसऱ्या वर्षी एका दुपारी कापसानं भरलेली ओटी घेऊन उठायला गेले आणि पाय उचलेचनात. जावेनं आणि गड्यानं मला झोळीत घालून घरी आणलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे फोटो काढला आणि हाडाचा क्षय आहे म्हणून सांगितलं. क्षय हा शब्द ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हा छातीचा नव्हे, शेजारच्याला लागायचा नाही, असं डॉक्टरांनी परत परत समजावलं. पण इलाज मोठा होता. काखेपासून कमरेच्या खालपर्यंत प्लास्टर घालायचं, रोज इंजेक्शन घ्यायचं आणि पाठीवर पडून राहायचं. कुशीवरही वळायचं नाही. किती दिवस, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, दिवस नाही, महिने धरा.

बायकांच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या पलंगावर धडगावच्या वरच्या पाड्यावरची एक बाई होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई. तिला तोच आजार, पण खुब्यात. तिच्या पायाला दोरी बांधून ती पलंगाच्या टोकावरून खाली सोडलेली, आणि दोरीला विटा लटकवलेल्या. तिची भाषा पावरी, आमच्या घरातली गुजरी. बाजारात ऐकून ऐकून तिला अहिराणी थोडीफार येत होती, मला तर गावात राहून येतच होती. तेवढ्यावर आमचं भागत होतं. सुरुवातीला बोलणं म्हणजे काय, तर आज पाय दुखतो का, वरणात मीठ आहे का. ती मात्र मोठी हसरी होती. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली की ती पावरीत काहीतरी पुटपुटायची आणि स्वतःच हसत सुटायची. अर्थ कळला नाही तरी मलाही हसू यायचं, आणि हसलं की प्लास्टर बरगड्यांना टोचायचं.

पावसाळ्यात पुन्हा फोटो काढला. हाड भरत होतं, पण फार सावकाश. प्लास्टर आणखी सहा महिने तरी निघणार नव्हतं. त्याच आठवड्यात सासूबाईंबरोबर माझ्या चुलत सासूबाई भेटायला आल्या. माझ्या पायथ्याशी बसून, मी जणू तिथं नाहीच अशा आवाजात त्या सासूबाईंना म्हणाल्या की एवढ्या तरण्या पोराचं असं किती दिवस चालायचं, आता दुसरी सून बघायला हरकत नाही. सासूबाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या. मला ते त्या बोलण्याहून जास्त लागलं.

त्या गेल्यावर मी जेवण परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. भिंतीकडे तोंड करून रडावं तर वळायची सोय नव्हती. आढ्याकडे बघत पडायचं, पाणी दोन्ही कानांत जायचं. शेजारीण हाका मारत होती, मी ओ देत नव्हते. तेवढ्यात माझ्या प्लास्टरवर टक् करून काहीतरी आपटलं. मग पुन्हा टक्. तिसऱ्यांदा ते गालावर लागलं. हातात धरून बघितलं तर काचेचा लाल मणी. तिच्या गळ्यातली एक माळ तुटली होती की तिनंच तोडली होती, मला आजवर कळलेलं नाही. ती एकेक मणी नेम धरून मला मारत होती.

"ते मणी परत दे," ती म्हणाली. "उठून घ्यायला मला पाय नाहीत, आणि तुला पाठ नाही. हात आहेत ना दोघींना?"

तिच्या मोडक्या अहिराणीत ती हे बोलली आणि पुन्हा आपली हसली. मला हसू आलं नाही, पण संध्याकाळी मी जेवले.

पुढच्या बाजाराला तिचा नवरा डोंगरावरून लाकडाच्या ट्रकवर बसून आला. तिनं त्याच्याकडून मण्यांच्या पुड्या आणि बांबूच्या दोन कामट्या मागवल्या होत्या. कामटी धनुष्यासारखी वाकवून तिनं दोन टोकांमध्ये दोऱ्याचे ताणे बांधले आणि पडल्या पडल्या हात लांबवून ते धनुष्य माझ्या छातीवर, प्लास्टरवर ठेवलं. सुईत मणी ओवायचे, सुई ताण्यांच्या खालून घालायची, वरून परत आणायची. बसून करायला सोपं काम. पण मला ते सगळं डोळ्यांच्या वर धरून करायचं होतं. पहिले कितीतरी दिवस मणी तोंडावर पडत, केसांत जात, एकदा तर नाकात गेला आणि शिंकताना वॉर्डभर मणी उडाले. सिस्टर रागावली. पलंगात सुई हरवली तर कोण जबाबदार, म्हणून तिनं सामान उचलून नेलं. दोन दिवसांनी डॉक्टर फेरीला आले तेव्हा माझ्या शेजारणीनं त्यांचा कोटच धरला. मी जेवते आहे, झोपते आहे, हे त्यांनी स्वतः बघावं, असं तिनं हातवारे करून सांगितलं. डॉक्टरांनी सिस्टरला सामान परत द्यायला लावलं. सुई मात्र रोज संध्याकाळी सिस्टरकडे जमा करायची, असं ठरलं.

दसऱ्याच्या सुमारास सासरे आले. आमच्यात तेव्हा सून सासऱ्यांशी बोलत नसे. मी पडल्या पडल्या पदर तोंडावर ओढला. सासरे खिडकीपाशी बसून बाहेर बघत घरच्या गोष्टी सांगायला लागले, म्हणजे खिडकीला सांगितल्यासारखं. कापूस बरा आहे. घोडी यंदा सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेला न्यायची आहे, पण तिच्या कपाळावरचा पट्टा उंदरांनी कुरतडला. मी पदराआडून शेजारणीला हळूच सांगितलं की त्यांना सांग, पट्टा आम्ही करू. सासऱ्यांशी कसं बोलायचं ते तिला कोण शिकवणार? तिच्या भाषेत लहानथोर सगळ्यांना एकच तू. ती वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही म्हनस, तुन्ही घोडीले पट्टा आम्ही करी दिसूत."

गावात सासऱ्यांना अरेतुरे करणारं कोणी उरलं नव्हतं. मी पदराखाली डोळे मिटून घेतले. सासरे हसले. त्यांचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. घोडीच्या कपाळाचं माप त्यांनी स्वतःच्या हाताच्या वितीनं दाखवलं, आणि आठवडाभरात लाल लोकर आणि आणखी मणी पाठवून दिले.

नक्षीवरून आम्ही दोघी भांडलो. मला माझ्या आईच्या तोरणावर होते तसे पोपट हवे होते. तिला डोंगर हवे होते, एकाला एक लागून, वर-खाली जाणारे. मी हट्टानं एक पोपट काढला. तो बघून शेजारीण म्हणाली, बकरी छान झाली. तो उसवला आणि डोंगर घेतले, पण डोंगरांच्या खाली निळ्या मण्यांची एक सलग पट्टी मी सोडली नाही. तापी हवीच, असं मी म्हटलं. अर्धा पट्टा तिनं केला, अर्धा मी. मध्ये जोड आला तिथं तिनं आरशाचा तुकडा बसवला. गोंडे ती वळायची, मी कापायचे. दिवाळी दवाखान्यातच झाली आणि आम्हाला ती कधी आली-गेली ते नीट कळलंही नाही, इतक्या आम्ही कामात होतो. डॉक्टर फेरीला आले की आधी पट्टा बघायचे, मग ताप. पट्टा संपला तेव्हा सिस्टरनं तो स्वतःच्या कपाळाला लावून सगळ्या पलंगांना दाखवत नेला.

जत्रा मार्गशीर्षातली. मी अजून प्लास्टरमध्येच होते, तेव्हा तिथं काय झालं ते नवऱ्यानं येऊन सांगितलं. एरवी तो यायचा, केळी ठेवायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा. त्या दिवशी स्टूल ओढून जवळ बसला. घोडीला धुऊन, पट्टा बांधून बाजारात उभी केली, तर लांबलांबचे घोडेवाले थांबून बघायला लागले. हा पट्टा कुठून आणला, गुजरातेतून का, असं एकानं विचारलं. तिथं चुलत सासरे होते, सोयरेधायरे होते. सासरे त्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मन्ही सूननी बनाडा. पाठवर पडी पडी." आणि पुढे म्हणाले की उभी राहील तेव्हा काय करेल ते बघा.

नवऱ्यानं ते मला दोनदा सांगितलं. त्याच्या वडिलांनी कोणाचं कौतुक चारचौघांत केलेलं त्यानंही कधी ऐकलं नव्हतं. मला एवढं बरं वाटलं की प्लास्टरमध्ये छाती मावेना. मी ते शेजारणीला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मन्हं काय?" मन्हं म्हणजे माझं. जत्रेत सुनेचं नाव निघालं, तिचं का नाही? तिचं बरोबर होतं. मी नवऱ्याला म्हटलं, पट्ट्याला दोन बायकांचे हात लागलेत हे दादांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगा. दुसऱ्या सुनेची गोष्ट घरात त्यानंतर कोणी काढली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला माझं प्लास्टर कापलं. आतली पाठ बघून मलाच कीव आली, लहान पोरीसारखी झाली होती. दोन बाजूंनी धरून मला उभं केलं तेव्हा वॉर्ड गरगर फिरला. माझी शेजारीण काठीवर भार देऊन समोर उभी होती, तिच्या विटा महिन्यापूर्वीच सुटल्या होत्या. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच उभ्या बघत होतो. ती माझ्याहून चांगली हातभर बुटकी निघाली.

पुढच्या जत्रेला मी कमरेला चामड्याचा पट्टा बांधून गाडीतून गेले. ती धडगावहून शहाद्यापर्यंत ट्रकनं आणि पुढे मिळेल त्या गाडीनं आली, लंगडत, दोन्ही पोरांना घेऊन. सासरे घोडीपाशीच उभे होते. कोणी पट्ट्याबद्दल विचारलं की ते फक्त आमच्याकडे बोट दाखवायचे. मग ती पुढे व्हायची. हे डोंगर माझे, ती नदी हिची, आणि हिनं आधी बकरी केली होती, हेही ती सांगायची. दुपारपर्यंत अर्ध्या जत्रेला बकरीची गोष्ट माहीत झाली. मी तोंडावर पदर ओढून घ्यायला हवा होता, पण त्या दिवशी मी तो खांद्यावरच राहू दिला आणि सासऱ्यांनीही मान फिरवली नाही.

त्या जत्रेत दोन घोडेवाल्यांनी आमच्याकडे पट्टे करून मागितले. त्यानंतर बरीच वर्षं ती दिवाळी झाली की आमच्याकडे राहायला यायची. पहिल्या वर्षी सासूबाईंनी तिचं अंथरूण ओसरीवर घातलं आणि ताट वेगळं ठेवलं. दुसऱ्या वर्षी थंडी फार आहे असं म्हणून तिचं अंथरूण आत घेतलं. तिसऱ्या वर्षी मी गरोदर होते आणि सासूबाईंनीच निरोप धाडला की लवकर ये, हिला वाकवत नाही. मुलगी झाली तेव्हा तिला पहिल्यांदा न्हाऊ घातलं ते माझ्या मैत्रिणीनं, लंगडा पाय पाटाशेजारी सरळ पसरून.

आता माझी पाठ जरा वाकडी आहे. पण त्या वर्षांत सारंगखेड्याच्या जत्रेत उभी असलेली आमच्या हातच्या पट्ट्याची घोडी मी लांबून ओळखायचे, आणि शेजारी उभ्या असलेल्या कोणालाही, ओळख असो नसो, दाखवायचे.