मुकुट, करंज्या आणि सामोवार

रशियात क्रांती सुरू झाली त्या दिवशी काय करत होतात, असं विचारलं की म्हातारी गीटल खुदकन हसायची. "मी? मी राणी होते!"

आणि खरंच होती हो! दहा वर्षांची राणी. पेत्रोग्रादमध्ये त्या दिवशी ज्यूंच्या घरोघरी पुरीमचा सण, पोरांनी सोंगं घेतलेली. बाप शिंपी, तेव्हा झग्याला काय तोटा? डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट.

आई फ्रूमा मात्र धास्तावलेली. आजीच्या सामोवारवरून, म्हणजे चहाच्या पितळी बंबावरून, तिचं आणि झेल्डा मावशीचं बिनसलं, त्याला दोन वर्षं झाली. मधे फक्त नेवा नदी, पण बोलणं बंद. आज आईने घरातलं शेवटचं पीठ मळून खसखशीच्या दोन तिकोनी करंज्या केल्या, शेजारी सफरचंद ठेवलं.

"जिन्नस दोन हवेत, नाहीतर सणाचं ताट धरत नाहीत. आणि दिवस मावळायच्या आत मावशीकडे पोच. एवढ्यावर नाही जमलं तर मी पुन्हा पाऊल उचलायची नाही, सांगून ठेवते!"

गीटल धूम पळाली. पुलावर पोलीस आडवे. "भाकर द्या!" ओरडत निघालेल्या गिरणीतल्या बायांचा लोंढा सरळ गोठलेल्या नदीत उतरला. मागोमाग राणीसाहेब.

"अगं ए, तू कोण गं?" त्यातल्या एका बाईने हटकलं.

"राणी!"

"आजच्या दिवशी? डोकं फिरलंय का तुझं!" बर्फावर हशा पिकला. "सरका गं, वाट द्या! तेवढी ही एकच ठेवू!"

गीटलला इतकं हसू लोटलं की ती सपशेल आपटली. करंज्या वाचल्या, पण सफरचंद गर्दीच्या पायांखाली गेलं ते गेलंच. तिने भोकाड पसरलं. "आता एकच जिन्नस उरला!"

त्या बाईने खिशातून मूठभर सूर्यफुलाच्या बिया काढून ताटात टाकल्या. "हे घे, झाले दोन. रडू नको." पहाटेपासून भाकरीच्या रांगेत उभी होती बिचारी. गीटलने तिच्या हातावर एक करंजी ठेवली आणि पुन्हा पळत सुटली.

सूर्य टेकायला आला तेव्हा मावशीने दार उघडलं. "एक करंजी? आणि बिया? फ्रूमा माझी थट्टा करते काय?"

गीटलने धापा टाकत सगळं सांगितलं. मावशी ऐकत राहिली. मग एकदम वळली आणि फळीवरचा सामोवार उचलून काखेत मारला.

"मावशी, पूल बंद आहे!"

"मग राणी कुठून आली? चल!"

बर्फावरून दोघी घसरत, हसत, एकमेकींना सावरत घरी पोचल्या. दारात आईने आधी सामोवार पाहिला, मग बहीण.

"ठेव गं ते धूड खाली," आई म्हणाली, "आधी तुला बघू दे."