फळीवरचा पाय

नसीमा मॅडम उडी बघायच्या नाहीत. मुलगी लांब उडीसाठी धावपट्टीवरून सुटली की त्या फळीशी उकिडव्या बसायच्या आणि नजर जमिनीला लावायच्या. दुपट्टा मागे घट्ट बांधलेला, गळ्यात शिट्टी, बोटांना चुना. कोण किती उंच गेलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. "हवेत सगळ्याच चांगल्या दिसतात बेटा," त्या म्हणायच्या. "पाय कुठून सुटला आन् कुठं टेकला, तेवढंच खरं."

गुलमंडीच्या बाजारामागे आमची मुलींची शाळा होती आणि मॅडम तिथे पीटी शिकवायच्या. मी पडेगावहून सिटी बसने यायची. मैदान म्हणजे भिंतींच्या मधली एक लांबट पट्टी. तिच्या टोकाला वाळूचा खड्डा मॅडमनी आम्हा मुलींना हाताशी घेऊन स्वतः खणला होता. आई एकदा माझं हे उड्या मारणं बंद करायला म्हणून शाळेत आली. मॅडमनी तिला खड्ड्याशी खुर्ची टाकून दिली. "आधी बघा, ताई. मग खुशाल घरी न्या." आईने बघितलं आणि मला न घेता एकटीच परत गेली. घरी तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेत माझी शेवटची उडी सगळ्यांत लांब पडली. पंचांनी उडी बरोबर म्हणून पांढरा झेंडा वर केला. मैत्रिणी ओरडत धावत आल्या, आणि तेवढ्यात मॅडम पंचांकडे चालत गेल्या. "फाऊल आहे साहेब. अंगठा फळीच्या पुढं गेला. मातीत ठसा बघा." पंच गोंधळले. त्यांनी विचारलं, "मॅडम, पोरगी तुमचीच ना?" "हौ, माझीच," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर सांगते."

विभागाच्या संघात माझं नाव आलं नाही. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी समजूत काढली नाही. पुढच्या सरावाला माझी धाव जिथून सुरू व्हायची ती चुन्याची खूण त्यांनी पुसली आणि वीतभर मागे नवी काढली. "धाव चुकली की उडी चुकते. उडीवर नको रुसू," एवढंच म्हणाल्या. त्या खुणेवरून धावले तेव्हा पाय बरोबर फळीवर पडला. रुसवा तरीही बरेच दिवस टिकला.

शाळा सुटली, मी कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं. आता गारखेड्यात दोन खोल्यांच्या ऑफिसात मी आणि माझा मित्र संदीप, आम्ही दोघं मिळून व्हिडिओ गेम बनवतो. आमचा पहिला गेम जुन्या धर्तीचा होता, आम्ही लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तसा. ठळक चौकोनी रंग, टुणटुण संगीत, आणि एक मुलगी, जी फळ्यांवरून उड्या मारत एकेक दरवाजा ओलांडून किल्ला चढते. पडेगावचं आमचं घर दौलताबादच्या रस्त्यावर, त्यामुळे किल्ला सुचायला वेळ लागला नाही.

गेम बराचसा तयार झाला होता तेव्हा कळलं, की शुगरमुळे मॅडमच्या पायाची जखम चिघळली आणि डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखाली कापला. मी घरी गेले. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण रुखसाना खाला त्यांच्याजवळ राहायच्या. दारातच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आपा कुणाशी बोलत नाय. नकली पाय आणलाय, त्याला हात लावत नाय." मॅडम खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी लॅपटॉप काढला, कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "मॅडम, मी बनवलाय. उड्यांचाच आहे."

त्यांनी मान वळवली. बटणं समजून घेतली. मुलगी पहिल्या फळीवरून पडली, दुसऱ्यांदा पडली, पुन्हा पडली. मॅडम उशीला टेकून उठून बसल्या.

"हिनं उभ्यानं उडी मारली काय आन् धावून मारली काय, जाते तेवढीच. असं कसं?"

"मॅडम, जुन्या गेममध्ये असंच असायचं."

"मग जुन्या गेमवाल्यांनी कधी उडी मारली नसेल."

त्या पुन्हा खेळू लागल्या. मुलगी एका अरुंद फळीच्या कडेवर उतरली आणि खंदकात गेली. मॅडमनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे बोट केलं. आवाज एकदम मैदानावरचा झाला.

"पाय फळीवर होता. मला दिसला. मग मेली कशी?"

मी समजावून सांगितलं. गेममध्ये चित्राभोवती एक न दिसणारी चौकट असते. कॉम्प्युटर चित्र बघत नाही, चौकट बघतो. माझ्या मुलीची चौकट तिच्या पावलापेक्षा आखूड होती. खेळ जरा कठीण व्हावा म्हणून आम्ही ती तशीच ठेवली होती.

"कठीण असू दे ना," मॅडम म्हणाल्या. "कठीण केलास तर पोरी सराव करतील. हे कठीण नाय, हे बेइमान आहे. पाय टेकला असेल तर टेकला म्हण."

पुढच्या खेपेला मी दोन्ही गोष्टी दुरुस्त करून नेल्या. संदीपही बरोबर आला, कारण मी निघताना मॅडमनी केलेली तिसरी तक्रार त्याला मान्य नव्हती. मुलगी कुठेही पडली तरी थेट पायथ्याशी जायची आणि सगळा किल्ला पुन्हा चढायला लागायचा.

"मॅडम, अशा गेमची तर हीच नशा आहे," संदीप म्हणाला. "लहानपणी आम्ही असेच खेळलो. मरायचं, परत पहिल्यापासून सुरू करायचं."

"लहानपणी वेळ लई असतो बेटा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मैदानात पोरगी पडली तर मी तिला घरापासून धावत ये म्हणत नव्हते. खुणेपासून ये म्हणायचे." त्यांनी चादर नीट केली. "पुन्हा खालून चढायला मला आता वेळ कुठंय?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन संदीपने आपणहून प्रत्येक दरवाज्याशी चुन्याची एक पांढरी खूण घातली. पडलेली मुलगी आता तिथून उठायला लागली.

त्यानंतर एकदा गेले तर मॅडम नकली पाय लावून भिंतीच्या आधाराने उभ्या होत्या आणि रुखसाना खाला दोन्ही हात पसरून समोर. दोन पावलं टाकून त्या घामाघूम होऊन बसल्या. मग दुरुस्त केलेला गेम मागून घेतला. दुसरा दरवाजा ओलांडला. तिसऱ्याशी पडल्या, खुणेवर आल्या, पुन्हा पडल्या. मी वाट बघत होते, त्या आता कोणती चूक काढतात. मॅडमनी कंट्रोलर बाजूला ठेवला.

"आता पडली ती माझ्या चुकीनं पडली," त्या म्हणाल्या.

त्या आयुष्यात कुणाला "शाबास" म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी लॅपटॉप तिथेच ठेवून आले.

पुढे उजव्या पायाला जखम झाली. या वेळी विष रक्तात गेलं आणि दवाखान्यात नेल्यावर त्या परत आल्या नाहीत. पुरुष माणसं कब्रस्तानात गेली. घरात आम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी बसलो होतो. कुणी कडेवर मूल घेऊन आलेली, कुणी पोलिसाच्या गणवेशात. रुखसाना खालांनी मला विचारलं, "आपाला तुझा खेळ आवडला होता का गं?"

"माहीत नाही, खाला. चुकाच सांगायच्या."

"मग आवडलाच असेल," त्या म्हणाल्या. "नाय तर इतकी भांडली नसती. रोज बसायची त्याच्याशी."

गेम आता बाहेर आला आहे. काहींना आवडतो, काही म्हणतात, जुन्या खेळांचा कडकपणा यात उरला नाही. लॅपटॉप परत आला तेव्हा मी उघडून बघितलं. मॅडम तिसरा दरवाजा ओलांडून गेल्या होत्या आणि चौथ्याच्या अलीकडे थांबल्या होत्या. तिथपर्यंतची एकेक फळी त्यांच्या नजरेखालून गेली आहे. त्याच्या पुढचा किल्ला मी एकटीनं तपासला, पुन्हा पुन्हा तपासला. वरच्या बुरुजापाशी काहीतरी चुकलं आहे, खेळताना दर वेळी जाणवतं. काय चुकलं आहे, ते मला सापडत नाही.