घोंगड्यावरची समीक्षा

रखमाजी मेंढक्याला वाचता येत नव्हतं, तरी तो एका कादंबरीत होता. गावच्याच भागवतनं ती लिहिली. २००३ साली तिला मोठा पुरस्कार मिळाला आणि वसमतकडच्या आमच्या गावात एकच प्रत येऊनही सगळं गाव चिडलं.

कादंबरीत भर दुष्काळात मालक विहिरीच्या मोटारीचा फ्यूज काढून नेतो, कोरड्या हौदापाशी मेंढ्या मरतात आणि मेंढका मालकाच्या पायांवर डोकं ठेवतो. या पाया पडण्यावर परीक्षक रडले म्हणे. एका टीकाकारानं मात्र सगळंच अतिरंजित ठरवलं. ते कात्रण गावचे जमीनदार व्यंकटराव खिशात घेऊन फिरत. मालक म्हणजे आपणच, हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं होतं.

त्यांनी रखमाजीला निरोप धाडला, "पारावर येऊन पेपरवाल्यासमोर सांग, हे खोटं हाय. न्हाई तर माझ्या रानात मेंढरं बसायची न्हाईत." रानात मेंढरं बसवून खत द्यायचं अन् ज्वारी घ्यायची, यावर तर त्याची चूल पेटायची.

घोंगड्यावर बसून खोटं बोलायचं नाही, ही मेंढक्यांची रीत. निघताना त्याची बायको भागाबाई म्हणाली, "खोटं बोलायचं असंल तर घोंगडं घरी ठिवून जावा."

रखमाजी दारात तंबाखू मळत राहिला. मळून मळून तिचं पीठ झालं. मग त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं.

पारावर गाव जमलेलं. भागवत खाली मान घालून बसलेला. रखमाजीनं घोंगडं अंथरलं.

"बोल, खोटं हाय का न्हाई?" व्यंकटराव म्हणाले.

"खोटं हाय, मालक."

व्यंकटरावांच्या मिशा पसरल्या. पेपरवाल्यानं पेनचं टोपण काढलं.

"म्या पाया पडलो न्हवतो," रखमाजी म्हणाला. "बाकी समदं बराबर हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. व्यंकटराव उठले. "आजच्या आज मेंढरं हालव."

उन्हं कलायच्या आत तट्टावर बिऱ्हाड चढलं. "आता कुठं?" भागाबाईनं विचारलं. रखमाजीनं नुसतीच काठी नरसीच्या वाटेकडं केली. मागून भागवत धावत आला.

"रखमामामा, पुढल्या आवृत्तीत ते पाया पडणं काढून टाकतो."

"काहून? त्याच्यावरच बक्षीस भेटलं म्हनत्यात नं?" रखमाजीनं एका कोकराला पुढं ढकललं. "राहू दे. पडनाऱ्याचं नाव तेवढं तुजं लाव."